मुदत परवाच संपली

आम्ही तिला ढापणी म्हणतो. चष्मा जाड आहे म्हणून. बी.ए. आम्ही एकत्र केलं. पुढे ती म्हणाली, "कायदा शिकायचा का, ते आधी आत जाऊन बघते." आणि एका वकिलांच्या ऑफिसात लागली. कागद लावायचे, टाइप करायचं, तारखा सांभाळायच्या.

तारखांसाठी तिथे एक जाडजूड डायरी होती. अपिलाची शेवटची तारीख तीत कधीच खरी लिहीत नसत. तीन दिवस अलीकडची लिहीत. ऐन वेळी काही अडलं तर हाताशी वेळ असावा म्हणून. ही रीत ढापणीला दुसऱ्या आठवड्यात कळली. पहिल्या आठवड्यात तिने एकच नोंद केली होती, मावशींच्या अपिलाची. ती खरी तारीख होती. हे ती विसरली.

मावशी म्हणजे ऑफिसच्या एक अशील. कपडे शिवायच्या. जागामालकाने त्यांचं दुकान रिकामं करण्याचा हुकूम मिळवला होता. त्यावरचं हे अपील. डायरीतल्या तारखेपुढे तीन दिवस हातात आहेत, असं धरून ढापणी त्या तारखेनंतर दोन दिवसांनी निवांत कोर्टात गेली. खिडकीवरच्या माणसाने कागद परत सरकवले.

"मुदत परवाच संपली, ताई. उशीर माफीचा अर्ज जोडा."

ऑफिसच्या मोठ्या वकीलबाई ओरडल्या नाहीत. "मावशी आजारी होत्या असं लिही. डॉक्टरचा दाखला मिळेल."

"ताप ना? आत्ता आणते," बोलावून घेतलेल्या मावशी म्हणाल्या. "नाहीतरी तुमची पायरी चढले की येतोच."

कुणीतरी हसलं. ढापणी नाही.

"चूक माझी आहे, मॅडम. तसंच लिहू. शपथपत्रावर सही मी करते."

"अगं शहाणे, न्यायाधीशांना ताप समजतो. तुझी डायरी नाही समजायची."

"मला खोटं टाइप करता येणार नाही."

मॅडमनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी ढापणीकडे. "पोरी, तुला खात्री आहे ना?"

ती हो म्हणाली.

अर्ज चार मिनिटांत फेटाळला गेला. ऑफिसचा हलगर्जीपणा हे कारण होत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. तापाला त्यांनी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी ती माझ्या खोलीवर आली. चपला न काढता पलंगावर बसली.

"तू बरोबरच केलंस," मी म्हणाले.

"मग जा, मावशींना सांगून ये. खरं मी बोलले, दुकान त्यांचं गेलं. माझं काय गेलं गं?"

तीन वर्षं मी शोकांतिका वाचल्या आहेत. मी उठून चहा ठेवला.

दुकान शुक्रवारपर्यंत सोडायचं होतं. लॉ कॉलेजचे अर्जही शुक्रवारीच पाच वाजता बंद होणार होते. लोकांचं न शिवलेलं कापड घरोघर परत करायचं होतं आणि मावशींचे गुडघे जिने चढत नाहीत. गठ्ठा ढापणीने उचलला.

शुक्रवारी मी साडेचारला फोन केला. जिना चढतानाचा तिचा श्वास ऐकू येत होता.

"अर्ज भरलास?"

"अजून सात घरं राहिलीत," ती म्हणाली, आणि पलीकडे कुणाच्या तरी दाराची बेल वाजली.