अण्णी

अण्णा भाकरी थापायला बसले की डोक्यावर पगडी असायची. कचेरीत कारकून होते तेव्हाचीच ती. चुलीचा धूर डोळ्यांत जाई, कपाळावरून घाम ओघळे, पण पगडी उतरत नसे. मी एकदा विचारलं, तर माझे वडील म्हणाले, "कागद इकडचे तिकडे करायचो तेव्हा घालत होतो. इथे तर पोरं जेवतात. हे काम त्याहून हलकं आहे का, बाय?"

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ नऊ दिवसांचा. कल्याणातले सगळे नातेवाईक एकच सांगत होते, महिन्याभरात दुसरं लग्न कर. अण्णांनी लग्न केलं नाही. ठाण्याची नोकरी सोडली आणि शेतातून येणाऱ्या भातावर भागवायचं ठरवलं. त्यांचे धाकटे भाऊ, बापूकाका, वकील होते. त्यांना ही घराण्याची बेअब्रू वाटली. अण्णांना 'अण्णी' हे नाव त्यांनीच ठेवलं, आणि आठ दिवसांत ते गावभर झालं. एक दारावर येणारी कोळीण तेवढी "अण्णा, बोंबील ताजं हाय" म्हणायची.

बाळाची दुपटी ते निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून वाळवत. तांदूळ निवडत, माझी वेणी घालत, गोधड्या उन्हात टाकत. संध्याकाळी यातलं काहीच दिसायचं नाही. अण्णा म्हणत, "केलेलं कोणाला दिसत नाही. राहिलेलं मात्र सगळ्यांना दिसतं." हे ते हसून म्हणत नसत.

बापूकाकांच्या मुलाच्या मुंजीत पुरुषांची पंगत मांडली होती. अण्णा पाटावर बसणार, तोच बापूकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं अण्णी, तुझा पाट आत. बायकांच्यात बस." अख्खी पंगत हसली. अण्णा उठले, आत आले आणि माझ्या शेजारी बसून शांतपणे जेवले. काकू शरमेने वर बघेना. वाटेत मी रडत होते. अण्णा म्हणाले, "मला राग आला नाही असं समजू नकोस. सांडगे वाळवून ठेवतो ना आपण, तसा ठेवलाय."

दोन वर्षांनी प्लेग आला. घरं मोकळी करून सगळे गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिले. तिथे आडोसा असा नव्हताच. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, ते सगळ्यांना दिसायचं. त्या प्लेगात काकू गेली. पाचव्या दिवशी बापूकाका तिन्ही मुलांना घेऊन आमच्या झोपडीपुढे उभे राहिले. धाकटीच्या नाकाला शेंबूड, अंगाला वास.

"अण्णा, तू सांभाळ यांना. मला यातलं काही येत नाही."

अण्णांनी आधी मुलांना पोटभर पेज दिली. मग म्हणाले, "माझी दोन मी सांभाळली. तुझी तीन तू सांभाळ. येत नाही तर शिकवतो. चल, चूल पेटव."

"इथे? सगळे बघतायत."

"बघू देत. मुंजीतही बघत होते."

महिनाभर हे चाललं. अण्णा पगडी घालून बाजेवर बसत आणि माळभर ऐकू जाईल अशा आवाजात शिकवत, "बापू, पाणी जास्त झालं. बापू, धाकटीला आधी धू, मग भाताला हात लाव." मुलांची ताटं अण्णा आमच्याच भांड्यातून वाढत, पण बापूकाकांना स्वतःच्या हातचा करपलेला भातच खावा लागे. लोक जमून हसत. त्यांना 'बापी' म्हणायला मी सुरुवात केली, आणि अण्णांनी मला एकदाही दटावलं नाही.

एका दुपारी दुपटी पिळता पिळता बापूकाका रडायला लागले. "पुरे कर आता, अण्णा."

"घरातलं काम पुरे होत नसतं, बापू. उद्या पुन्हा आहे."

मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही. गावात परतल्यावर तीन महिन्यांत त्यांनी माझ्याहून वर्षाने मोठी मुलगी करून आणली. चूल तिच्याकडे गेली आणि काका कोर्टात जायला लागले. अण्णा त्या लग्नाला गेले नाहीत.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. ठाण्याला सासरी निघताना अण्णांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "काम सगळं कर. पण चोरून करू नकोस, बाय. भांडी आपटून कर."

दुसऱ्या वर्षी अण्णा गेले. मी पोचले तेव्हा ओसरीवर माणसं बसली होती आणि बापूकाका डोळे पुसत सांगत होते, "अण्णा म्हणजे देवमाणूस. जन्मात कधी कोणावर रागावला नाही." माना डोलत होत्या. शेजघरातून माझ्या भावाचं हुंदके देणं ऐकू येत होतं. मी तशीच आत गेले, कोनाड्यातलं पितळी पातेलं उचललं आणि दगडी ओट्यावर असं आपटलं की ओसरीवरचं बोलणं बंद पडलं.