वळणीवरचं धोतर

"वन्सं, हे सुटले..." वहिनीचा फोन आला, तेव्हा मी भाजी निवडत होते. रडू नंतर आलं, आधी रागच आला. महिना उलटला, तरी तो उतरत नाही.

माझा थोरला भाऊ गिरीज गावात केळीची वाडी करायचा. रोज सकाळी विहिरीवर आंघोळ, मग ओसरीतल्या उंच वळणीवरचं सोवळ्याचं धोतर काठीनं काढून नेसायचं आणि देवपूजा. त्या धोतराला कुणी हात लावायची सोय नव्हती. लहानपणी मी मुद्दाम त्याला बोट लावून "शिवले!" म्हणून पळायचे. बिचारा शिव्या घालत पुन्हा विहिरीवर जायचा.

तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही अगदी सुरुवातीचा. "नशीबवान आहात, ऑपरेशन करून टाकू," डॉक्टर म्हणाले. मी येताना पेढे घेतले. भाऊनं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहणार नाही, कुणाकुणाचं पूर्ण सुधारतही नाही, असंही डॉक्टर बोलले होते. त्याच्या कानात तेवढंच राहिलं.

"सोवळ्यात थेंब गळला, तर देवाला शिवू कसा?"

"अरे, देव काय तुझं धोतर तपासत बसलाय?"

"तुला नाही कळायचं, बाय."

मग गणपती होऊ देत, मग सुकेळी उन्हात घातलीत ती वाळू देत, मग मुलीचं लग्न... मी भांडले, बोलणं टाकलं, देवाची शपथ घातली. तो नुसता हसायचा. पाठ दुखायला लागली, तर म्हणे वाडीत वाकून दुखते. तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं आणि ऑपरेशनची वेळ कधीच टळून गेली होती.

शेवटी व्हायचं ते झालंच. लघवीची पिशवी पलंगाला लटकली. ज्याला भिऊन जीव घालवला, तेच उशाशी येऊन बसलं. पूजेच्या वेळी तो भिंतीकडे तोंड करायचा. मी म्हटलं, "भाऊ, देव इथं आणू?"

"नको. विटाळ होईल."

काय म्हणायचं या माणसाला?

परवा गिरीजला गेले. धोतर वळणीवर तसंच होतं, खडखडीत वाळलेलं. "वन्सं, काठीनं काढा हो," वहिनी आतून म्हणाली. मी स्टुलावर चढले आणि हातानंच ओढलं. मोठ्यानं ओरडले, "शिवले!"

विहिरीकडे कुणी गेलं नाही.