चौदाचा पीळ

डोकं न वापरता काम केलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. गुणाजीने डोकं वापरलं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नंदकिशोर यांचं बंदुका दुरुस्त करण्याचं परवानाधारक दुकान होतं. गुणाजी मूळचा गिरणीच्या सूतखात्यातला. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली, तेव्हा तो इथे तेलपाणी आणि पुसापुशी करायला लागला. भंगार नळ्यांवर त्याचा हात बसला तसं मालकांनी त्याला पहिलं खरं काम दिलं आणि स्वतः लग्नाला नाशिकला गेले. जाताना म्हणाले, "कुंदाबाईंच्या रायफलला नवी नळी घालायची. त्यांच्या गोळ्या लांब आहेत, तेव्हा जास्त पिळाची घाल. उरलेली पुण्याचं गिऱ्हाईक नेईल. जमलं तर तू कारागीर. नाही जमलं तर दुसरीकडे बघ."

गुणाजीने त्याच संध्याकाळी बायकोला, जानकीला, आपण कारागीर झाल्याचं सांगून टाकलं. तिने ते सगळ्या चाळीला सांगितलं.

कपाटात दोन नळ्या होत्या. एकीवर दहा कोरलेलं, दुसरीवर चौदा. नळीच्या आत मळसूत्रासारखे चर असतात, त्यांनी गोळीला गिरकी मिळते आणि ती भोवऱ्यासारखी तोल धरून जाते. गोळी लांब असली की गिरकी जास्त लागते. एवढं गुणाजीला ठाऊक होतं, आणि पीळ तर त्याच्या घरचाच विषय. गिरणीत पीळ मोजायचा तो एका इंचात किती वेढे असा. चौदा म्हणजे दहापेक्षा जास्त, यात विचारायचं काय? त्याने चौदाची बसवली. झकास बसवली.

कुंदा पार्ल्याच्या एका बँकेत कॅशियर होती आणि राज्याच्या नेमबाजी संघात जायचं म्हणून रोज पहाटे उठून एका पायावर उभी राहायची. रायफल घेऊन ती सरावाला गेली आणि तिथून थेट दुकानात आली. निशाणाचा कागद तिने टेबलावर पसरला. गोळ्या टोकाने न शिरता आडव्या शिरल्या होत्या.

"गुणाजी, हे काय रे? मी नेम धरला की भुईमुगाच्या शेंगा मांडल्या?"

"लागल्यात ना पण, बाई?"

"तीन लागल्यात. बाकीच्या कुठे गेल्या ते देवाला विचार."

मालक नुकतेच परतले होते. त्यांनी गजाला घट्ट चिंधी गुंडाळून तो नळीत ढकलला. गजाने एक पूर्ण वेढा घेईपर्यंत तो किती आत गेला ते पट्टीने मोजलं.

"चौदा इंचांत एक वेढा. आपल्याकडे आकडा वाढला की पीळ कमी, कळलं?"

"गिरणीत उलटा असता, मालक. एका इंचात चौदा."

"मग ह्या नळीतून गोळी कशाला निघेल? धोतर निघेल."

पुण्याचं गिऱ्हाईक दहाची नळी नेऊन मोकळं झालं होतं. नवी मागवायला महिने लागणार आणि निवड तर रविवारी. मालकांनी पट्टी पुसून खणात ठेवली. ते ओरडले असते तर गुणाजीला बरं वाटलं असतं.

"मालक," तो खाली बघत म्हणाला, "जाड सुताक पीळ कमी लागता. तशी कमी पिळावर भागणारी गोळी नसते काय?"

"असते. आखूड, हलकी. क्लबात पडून आहेत, कोणी घेत नाही. वारा सुटला की भरकटतात."

"वारा नऊनंतर सुटतो," कुंदा म्हणाली, "आणि माझी पाळी शेवटची. पहिली मुलुंडच्या शिवदासकाकांची. ते आजवर कोणाला फुकट किती वाजले तेसुद्धा सांगत नाहीत."

गुणाजी मुलुंडला गेला. शिवदासकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाळी बदलतो. पण आमच्या हिचा पाटा गुळगुळीत झालाय, वाटण नीट होत नाही. टाकी लावून दे. कोकणातला ना तू?"

"कोकणातलो हाय, काका. पाथरवट नाय."

"मग पाळी पण नाय."

"लावतो."

रविवारी कुंदाने आखूड गोळ्या भरल्या. दुर्बिणीतून बघणाऱ्या मालकांनी पहिल्या गोळीला नुसतं "गोल" म्हटलं. गुणाजीने निशाणाकडे पाहिलंच नाही. तो वारा दाखवणाऱ्या फडक्याकडे असा बघत राहिला, जसं काही ते त्याच्या धाकात आहे. फडकं बराच वेळ धाकात राहिलं. शेवटच्या दोन गोळ्यांना मात्र हललं, आणि त्या दोन्ही कडेला गेल्या. कुंदा संघात गेली, शेवटच्या जागेवर.

"आत आले ना? बस!" ती म्हणाली आणि रायफल पुसायला त्याच्याकडे दिली.

सोमवारी मालकांनी एक नवी नळी गुणाजीपुढे सरकवली.

"वाच."

"बारा. बारा इंचांत एक वेढा."

"लाव लेथला."

त्या दिवसापासून चाळीतली बातमी खरी झाली.

मुलुंडचा पाटा मात्र तसाच आहे. शिवदासकाका दुकानात शिरले की गुणाजी लेथ सुरू करतो, म्हणजे काही ऐकू येत नाही. काका लेथ थांबेपर्यंत स्टुलावर बसून राहतात.

"ह्या रविवारी नक्की, काका."

"हो ना?" म्हणून काका उठतात. काकूंच्या वाटणातलं खोबरं अजून दाताखाली येतं.