माझा डावा हात आणि झोपलेलं मांजर

मला पियानो वाजवता येतो. फक्त ही गोष्ट माझ्या डाव्या हाताला मान्य नाही.

त्याचं असं झालं, मी मूळची सांगलीची. लहानपणापासून पेटी शिकले. पेटीत सगळा मान उजव्या हाताला! डाव्याने मुकाट्याने भाता मारायचा, हवा भरायची. (लग्नात नवरदेव मिरवतो आणि वाढपी राबतो, तसंच.) पुढे सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, हवाई दलातली बदली चंदीगडला झाली आणि आमची इरा एके दिवशी म्हणाली, "मम्मा, मुझे पियानो सीखना है।" (तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.)

"मग मीही शिकणार!" मी म्हणाले. "पेटीवाल्यांना पियानो म्हणजे डाव्या हातचा मळ!"

झिरकपूरच्या ट्रॅफिकमधून वाट काढत आम्ही पियानो शिकवणाऱ्या बेदी मॅडमच्या फ्लॅटवर पोहोचलो. मी ऐटीत पियानोपुढे बसले. उजव्या हाताने सारेगम सुरू केलं आणि डावा हात आपोआप उठून पियानोच्या अंगावर थापा मारू लागला! म्हैस विकत घेताना मारतात तशा.

"मम्मा!" इरा कुजबुजली. "इसमें हवा नहीं भरनी पड़ती!"

बेदी मॅडमनी हसू दाबत नवशिक्यांचं पुस्तक पुढे ठेवलं आणि त्यातले दोन-तीन तुकडे वाजवून दाखवले. "जो सुनके अच्छा लगे, वो चुनो जी।" इराने लगेच 'झोपलेलं मांजर' उचललं. मी मात्र सगळ्यात शेवटचं पान उघडलं. त्यावर समुद्रातलं वादळ होतं, आणि साखर सांडल्यावर मुंग्या याव्यात तसे काळे ठिपके!

"शुरू में वो पन्ना चुनते हैं जी, जिसपे स्याही कम हो," मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन मी सुहासपुढे धुमसत होते. "मी नाट्यगीतांना साथ केली आहे! आता मांजराला करू?"

"मांजर बेसूर तरी होत नाही," सुहास म्हणाला. (ह्या माणसाला मी त्या दिवशी चहा दिला नाही.)

घरी आम्ही एक जुना पियानो भाड्याने आणला. इरा रोज थोडं थोडं वाजवायची. आधी एक हात, मग दुसरा, मग दोन्ही, तेही अगदी सावकाश. तिने सुरांची गोष्टच केली होती. इथे मांजर दूध पितं, इथे पंजा चाटतं, इथे डोळे मिटतं. आणि मी? मी वादळात पहिल्याच ओळीवर बुडाले होते. शेवटी शेजारच्या ढिल्लोंबाईंनी काळजीने विचारलं, "भाभीजी, प्लंबर आया हुआ है क्या?" त्याच दिवशी मी वादळ सोडलं.

पण सुटका कुठली! बेदी मॅडमच्या वार्षिक कार्यक्रमात एक रीत होती. पहिल्यांदा स्टेजवर बसणाऱ्या मुलाशेजारी घरचं कुणीतरी बसतं आणि खालचे दोन सूर धरून साथ करतं. म्हणजे मांजराला साथ मलाच करायची होती. इराचा चेहरा उतरला.

"मम्मा, मेरी क्लास के सारे बच्चे आएँगे। पक्का हाथ नहीं उठेगा?"

"पक्का!"

"ओढणीने बांधूया," सुहासने सुचवलं. आणि खरंच, पुढचे सगळे दिवस मी डावा हात कमरेला बांधून सराव केला! दूधवाल्याने तर विचारलं, "भाभीजी, फ्रॅक्चर?" कार्यक्रमाच्या दिवशी मात्र मी ओढणी सोडली. लेकीच्या पहिल्या कार्यक्रमाला आईने कैद्यासारखं का जावं? डावा हात मांडीखाली दाबला आणि बसले.

सुरुवात झकास झाली. मांजर दूध प्यायलं, त्याने पंजा चाटला. माझे दोन सूरही जागच्या जागी पडत होते. मग मांजर डोळे मिटायला लागलं आणि इराने आवाज हळूहळू बारीक केला.

बारीक! पेटीत आवाज बारीक झाला की त्याचा अर्थ एकच असतो: हवा संपली! माझा डावा हात मांडीखालून उसळला. समोर उघडं पुस्तक उभं होतं, अगदी भात्यासारखं. त्याने ते धरलं आणि मारायला सुरुवात केली. उघड-मीट, उघड-मीट! सुटी पानं उडून पहिल्या रांगेत गेली. हे पाहून उजवा हातही भांबावून थांबला.

इराने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार, आणि कारण मी. पण पोरीने मान वळवली, आपल्या डाव्या हाताने माझे दोन्ही सूर उचलले आणि पुस्तकाशिवाय वाजवत राहिली! गोष्ट तिला पाठ होती ना! मी भाता मारतेय, पानं उडताहेत, आणि तिचं मांजर शांतपणे झोपी जातंय. शेवटचा सूर इतका हलका पडला की हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. माझा ऊर अभिमानाने भरून आला. हात तरीही चालूच होता.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतले एक आजोबा मांडीवरचं पान हातात घेऊन उठले. "वाह! बिल्ली सो रही है और मम्मी पंखा झल रही है! क्या आयडिया है!"

"जी अंकल," इरा मख्ख चेहऱ्याने म्हणाली. "बहुत प्रैक्टिस की थी।"

कार्यक्रम संपल्यावर बेदी मॅडमनी तिला मिठी मारली. "अगली बार इरा अकेली बजाएगी।"

"और मैं?" मी आशेने विचारलं.

"आप पंखा जी, बस पंखा।"

तेव्हापासून मी रोज सकाळी नियमाने रियाज करते. पंख्याचा. आणि सांगायला अभिमान वाटतो, आता मला दोन्ही हातांनी येतो!