रोजचा वाफवलेला ड्रम

"पोट इथं दुखून राह्यलं अन् चिठ्ठी काऊन वर्ध्याची?" अनुसयाबाई एकदाच असं बोलल्या, तेही डॉक्टरांच्या तोंडावर.

आंजी गावातल्या दहा खाटांच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं त्या ऑपरेशनची अवजारं धूत होत्या. थोरले डॉक्टर प्रभाकरराव जनरल सर्जन. हर्निया, अपेंडिक्स, बैलाच्या शिंगानं फाटलेलं पोट, सगळं त्या एकाच टेबलावर. त्यांचा नेम असा की पेशंट असो-नसो, सकाळी अवजारांचा ड्रम जंतू मरेपर्यंत वाफवून, तारखेची पट्टी चिकटवून तयार पाहिजे. "पोट मुहूर्त पाहून फुटत नाई, बाई," ते म्हणायचे. ते वारले. खुर्चीवर पुतण्या धीरज बसला, तोही सर्जनच. ड्रम रोज वाफत राहिला, पण आठ महिन्यांत एकदाही उघडला नाही.

त्या दुपारी गावातल्या मयुरीला उचलून आणलं. वय एकोणीस, पोटाच्या उजव्या बाजूला हात लावू देईना. अनुसयाबाईंनी न विचारताच भुलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते यायला तयार होते. मागे वळून पाहतात तर धीरज तिला वर्ध्याला पाठवायची चिठ्ठी लिहीत होता. तेव्हाचं ते वाक्य.

"मावशी, इथे दुर्बीण नाही."

"थोरल्या डॉक्टरांजवळ व्हती काय? दोन बोटांची चीर, अर्धा तास."

"चीर देऊन अपेंडिक्स मी चारच केलेत. तेही काकांनी हात धरून. बाकी सगळे दुर्बिणीतून. उद्या काही झालं तर लोक विचारतील, स्पेशालिस्टकडे का नाही पाठवलं?"

"मंग तुमी कायचे स्पेशालिस्ट? चिठ्ठीचे?"

धीरज खाली मान घालून लिहीत राहिला. पोरगा खोटं बोलत नव्हता, हेच त्यांना जास्त झोंबलं. दहा-बारा वर्षं शिकवून माणसाला भीतीच शिकवायची? एकाला नुसतं आतडं, दुसऱ्याला नुसतं पित्ताशय वाटून द्यायचं, आणि अख्खं माणूस दुखत आलं की गावाच्या वाट्याला फक्त चिठ्ठी लिहिणारं पेन?

गाडी गेली. वर्ध्यात एका ठिकाणी खाट नव्हती, दुसऱ्या ठिकाणी तपासण्यांची रांग. टेबलावर घेईपर्यंत अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता.

पाचव्या दिवशी सकाळी धीरजनं फोन ठेवला. "दोनदा पोट उघडावं लागलं. पण वाचली ना, मावशी."

अनुसयाबाई आत गेल्या. फडक्यात धरून गरम ड्रम आणला आणि त्याच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर ठेवला, शेजारी आपल्याजवळची दवाखान्याची किल्लीही. त्यानं पट्टीवरची आजची तारीख वाचली. मान वर केली तेव्हा त्या पायात चपला सरकवून, मागे न पाहता, फाटकाबाहेर पडत होत्या.