बिनआमिषाचा गळ

चिलापीचे गळ आम्ही घरीच बांधायचो. भद्रकालीच्या बाजारातून आणलेले बारीक गळ, नायलॉनचा तंगूस, आणि गॅरेजमधल्या फुटक्या बॅटरीचं शिसं ठोकून केलेली वजनं. वर तरंगायला हवाई चपलेचा तुकडा. तापवलेली सुई त्यातून आरपार घातली की रबर जळल्याचा वास घरभर पसरायचा आणि वडील पेपरामागून म्हणायचे, “झाली का यांची फॅक्टरी सुरू?” शिसं तळाला, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक गळ, आणखी वीतभर वर दुसरा. गांडूळ असं ओवायचं की गळाचं टोक झाकलं गेलं पाहिजे. टोक दिसलं तर मासा फिरकत नाही, असं आम्ही मानायचो.

इथवर मी कुणालाही सांगतो, अगदी रंगवून. पुढचं सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आमच्या नाशिकरोडच्या घरी आली होती. आठवा संपत आलेला, आणि तिला अन्न जात नव्हतं. एका सकाळी म्हणाली, “चिलापीचं कालवण असतं ना, तर दोन भाकरी खाल्ल्या असत्या.”

“चार खा. आज आणतो.”

“तू? तुझ्या गळाला फक्त गांडुळं जगतात.”

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला लागलं.

चेहेडीच्या अंगाला दारणा नदीकाठी माझा शाळेतला मित्र बरोबर होता. ऊन तापलं तरी चपलेचे तुकडे पाण्यावर नुसते पडून होते. काठालगत पाणी नितळ होतं आणि त्यात चिलाप्या दिसत होत्या. जबडे फुगलेले, जागच्या जागी कल्ले हलवत उभ्या. नाकासमोर गांडूळ नेलं तरी तोंड उघडत नव्हत्या.

“ह्या नाय घेणार,” मित्र म्हणाला. “पिल्लं हायेत त्यांच्या तोंडात. ती मोठी होईस्तोवर उपाशी ऱ्हातात.”

मलाही ते माहीत होतं. मी गांडूळ काढून टाकलं. तीन गळ पाठीला पाठ लावून एकत्र बांधले, खाली शिसं लावलं.

“काय करून ऱ्हायला?”

“ताईला कबूल केलंय.”

“मंग बाजारातून घे ना, भाऊ. तिला काय कळतंय?”

“मला कळतंय ना.”

असा गळ माशाच्या अंगाशेजारी सोडायचा आणि हिसडा द्यायचा. आमिष लागत नाही. माशाची इच्छाही लागत नाही. दोन-तीन हिसडे फुकट गेले, मग गळ एकीच्या पोटात रुतला.

मी तिला डालड्याच्या डब्यातल्या पाण्यात टाकलं, तेव्हा तिच्या तोंडातून पिल्लं बाहेर आली. तिळाएवढी. फक्त डोळे कळत होते. डबाभर सैरावैरा झाली. मग चिलापी जरा स्थिर झाली, आणि पिल्लं सगळी तिच्या ओठांशी गोळा झाली. तिनं तोंड उघडलं. पिल्लं आत गेली. पोटातून रक्ताची बारीक धार चालू होती आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

“सोड तिला,” मित्र म्हणाला. “अजून जगंल ती.”

मी डब्यावर फडकं टाकलं. त्यानं आपली काठी उचलली आणि बांधाबांधानं निघून गेला. पुन्हा कधी तो माझ्याबरोबर नदीवर आला नाही. विचारलं की म्हणायचा, “काम हाय लय.”

घराच्या अलीकडे सार्वजनिक नळ होता. तिथं कुणी नव्हतं. मी तिला बाहेर काढलं, दोन्ही बाजूंनी जबडा दाबला आणि तोंडात बोट घालून आतून पुसून घेतलं. एकदा, मग पुन्हा एकदा. बोटाला हालचाल लागत होती. नळाखाली हात धुतला.

आईला कळू नये म्हणून. आमच्या घरात देव्हारा नव्हता, नवस नव्हता. वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून असल्या गोष्टींना उंबरठ्याबाहेर ठेवलं होतं. पण विळीवर मासा घेताना आईनं आवाज खाली आणून विचारलंच, “पिल्लांवरची नाही ना रे? पोटुशीला तसली देत नाहीत.”

“नाही गं.”

“काय कुजबुज चाललीय?” बाहेरून वडील.

“काही नाही. मीठ कुठंय विचारतोय.”

ताईनं खरंच दोन भाकरी खाल्ल्या. “जमलं की रे तुला,” म्हणाली.

बाळ मेलेलंच जन्मलं. गळ्याला नाळेचा वेढा बसला होता, डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वडील तेच शांतपणे समजावून सांगत. मला ते तेव्हा पटलं, आजही पटतं. नाळेचा आणि माशाचा काही संबंध नाही. पण नळाखाली मी जे केलं ते त्यानं पुसलं जात नाही. देव असता तर त्याच्यापुढे नाक घासून मोकळा झालो असतो. आमच्या घरात हे नेऊन ठेवायला कोनाडाच नव्हता. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला शरीरशास्त्र समजावलं असतं.

पुढं माझं लग्न झालं. मुलगी रांगती असताना तिनं चिंचोका तोंडात घातला. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, काढा ना, बोट घाला!” मी मुलीच्या तोंडाशी हात नेला आणि तिथंच थांबलो. बायकोनं धावत येऊन चिंचोका काढला. “बाप आहात की पाहुणे?” म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे गेलो होतो. तिची पुढची दोन मुलं आता मोठी झालीत, नोकरीला आहेत; घरात आम्ही दोघंच होतो. ती भाजी निवडत होती. मी सगळं सांगितलं, आईशी खोटं बोललो तेही. ती जुडीवरून नजर न उचलता म्हणाली, “नाळ होती रे गळ्याला. बाबा असते तर तुला हसले असते.”

“माहीत आहे.”

ती निवडत राहिली. मग हात थांबले.

“पिल्लं परत तिच्या तोंडात गेली होती ना? डब्यात?”

“हो.”

“मग मला कशी नाही दिसली? आई कापत होती तेव्हा मी शेजारीच येऊन बसले होते.”

तेवढंच सांगायचं मी टाळलं होतं. नळाचं सांगितलं.

तिनं जुडी बाजूला सारली. मग विचारलं, “कुठलं बोट?”

मी हात पुढं केला. तिनं ते बोट पाहिलं, धरलं नाही. मीही हात मागं घेतला नाही.