खंडेनवमीचा नारळ आणि माझा डावा हात

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या गावात कुणाला 'लागीर झालं' म्हणून ओरडा झाला की मी आधी थर्मामीटर शोधायची. तुमच्या या सदरातले अनुभव वाचतानाही "काय एकेक थापा!" म्हणून अंक बाजूला टाकते. आणि आता मीच लिहायला बसलेय... हसा हवं तर. पण ही गोष्ट इतकी वर्षं मला धड बसू देत नाही, धड झोपू देत नाही.

मी पियानो वाजवते. हो, पियानोच, पेटी नाही. गाव कडेगावजवळचं, घरचा ऊस, आणि पोरगी पियानोवाली... लोकांना पटतच नाही. त्याला कारण माझे वडील. आबा लष्कराच्या बँडमध्ये होते. रिटायर झाल्यावर साताऱ्यात एका शाळेत बँडमास्तर म्हणून लागले आणि येताना कुठल्याशा ऑफिसर्स मेसमधून मोडीत काढलेला उभा पियानो घेऊन आले. स्वतःच दुरुस्त केला. शिकवायला साताऱ्यातच रूथबाई मिळाल्या, त्या दर रविवारी चर्चमध्ये वाजवायच्या. माझ्या मैत्रिणी भरतकाम करायच्या तेव्हा मी स्केल्स घोटत बसलेली असायची.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी विशीत होते. मुंबईत पियानो शिकवणाऱ्या एक मोठ्या बाई नवरात्रात सांगलीला नातेवाइकांकडे येणार होत्या. रूथबाईंनी खटपट करून तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये माझा कार्यक्रम ठरवला. वाजवणं पसंत पडलं तर बाई मला मुंबईला नेणार, स्वतःकडे ठेवून शिकवणार. नाही पडलं तर तासगावचं एक स्थळ तयारच होतं. ते आणलं होतं माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी.

"शके, एकडाव तुज्या मनासारखं हुंदे," तात्या म्हणाले. "पर न्हाई जमलं तर गप लगीन करायचं. मग पुन्ना टँव टँव न्हाई."

"चालेल," मी म्हटलं.

सांगलीत त्या हॉलला पियानो कुठला असणार! आमचाच न्यायचा ठरला. आणि नेला कुणी? तात्यांनीच, त्यांच्या उसाच्या ट्रकमधून, खाली गाद्या अंथरून. फटकळ माणूस, पण कामाला कधी मागे नाही. सकाळीच पियानो स्टेजवर चढला. आबा, रूथबाई आणि मी जरा चहाला म्हणून बाहेर गेलो... आणि तिथंच घोळ झाला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, इंजिन, ट्रक, ज्याच्यावर पोट भरतं त्या सगळ्याची पूजा. तात्यांनी ट्रकची केली आणि त्यांच्या मनात आलं, पोरीचं हत्यार बिनपूजेचं कसं ठेवायचं? आम्ही परत येतो तर काय — पियानोला झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, झाकण उघडं, आणि तात्या नारळ फोडून त्याचं पाणी पट्ट्यांवर ओततायत!

"तात्याऽऽ!" मी किंचाळलेच.

"आगं, वरडतीस कशाला? दरसाल इंजनाला घालतो की. कुटं बिगाडलं त्ये?"

पाणी डावीकडे, जाड सुरांच्या पट्ट्यांमध्ये उतरलं होतं. आबांनी पुढची फळी काढली, धोतरानं टिपलं, शेगडी लांब ठेवून पुठ्ठ्यानं वारा घातला. पण लाकूड फुगायचं ते फुगलंच. दुपारपर्यंत तिथल्या चार पट्ट्या खाली दबल्या त्या दबल्याच. उचलल्या तरी हलेनात, आणि आवाज म्हणून नाही. तात्या हॉलच्या पायरीवर डोकं धरून बसले. "माज्या हातनं पोरीचं वाटुळं झालं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. लग्नाची घाई त्यांनाच होती, आणि डोळ्यांत पाणीही त्यांच्याच. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं, इतका राग आला होता.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. पहिले तुकडे निभावले. दबलेल्या पट्ट्या आल्या की वरच्या सप्तकात उडी मारायची, असं आम्ही ठरवलं होतं. पण शेवटचा तुकडा अतिशय संथ, आणि डावा हात सगळा त्या खालच्या सुरांतच. वरून वाजवला तर त्याचा जीवच जातो. बदलावा म्हटलं, तर मुंबईच्या बाईंनी नेमका तोच ऐकायचा म्हणून सांगितलं होतं.

ती जागा आली. सवयीनं बोट खाली गेलं, मेलेल्याच पट्टीवर. आणि सूर आला. खोल, गोल, भरलेला... आणि माझं बोट टेकायच्या आधी आला. मला वाटलं भास झाला. पुढचा सूर आला, तोही तसाच. मी इतकी घाबरले की डावा हात उचलून सरळ मांडीवर ठेवला. उजव्या हातानं वाजवत राहिले. तरी खाली सूर पडतच होते. एकेक, बरोब्बर जागेवर. पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. एकही हलत नव्हती.

कुणी म्हणेल, दुसऱ्या तारांच्या कंपनानं त्या तारा घुमल्या असतील. अहो, तो आवाज मी रोज ऐकते, तो कुजबुजल्यासारखा येतो. हा ठोकलेला सूर होता!

टाळ्या पडल्या. मुंबईच्या बाई स्टेजवर आल्या आणि म्हणाल्या, "उजवा हात अजून कच्चा आहे. तो मी घासून घेईन. पण तुझा डावा हात... असा डावा हात मी फार कमी ऐकलाय. तू चल माझ्याबरोबर."

लोक गेल्यावर आबांनी फळी काढली. पट्ट्या तशाच दबलेल्या, चिकट. आबा माझ्याकडे बघत राहिले. ते पडद्याआड माझ्या डाव्या बाजूला उभे होते, लोकांना माझी उजवी बाजूच दिसत होती.

"शकू, तुझा हात मांडीवर होता."

"हो आबा."

"मग?"

रूथबाई डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होत्या. आणि तात्या हळदीच्या हातानं डोळे पुसत म्हणाले, "बगा, पावला का न्हाई नारळ!"

मी मुंबईला गेले, शिकले. पुढं पुष्कळ ठिकाणी वाजवलं, परदेशातही. आता शिकवते. बाईंना मी पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. त्या हसल्या, "भीतीनं माणसाला आपला हातसुद्धा कळत नाही," म्हणाल्या. पण आबांनी पाहिला होता ना! आबा काही घाबरणारे नव्हते.

तात्या शेवटपर्यंत गावभर सांगत राहिले, "माज्या नारळानं पोरगी म्हमईला गेली." मला अस्सा संताप यायचा! एकदा तोंडावर म्हटलं, "आणि माझी मेहनत काय फुकट गेली?"

तात्या म्हणाले, "म्हेनत तुजीच की गं. पर त्या दिशी तू वाजिवलंस का?"

तो तुकडा मी अजून वाजवते, लोक अजून डाव्या हाताचंच कौतुक करतात, आणि त्या जागेशी आलं की दर वेळी मी कान टवकारते. आत्ता जो सूर येईल तो नक्की कुणाचा?

मागे एकदा भर दुपारी घरी कुणी नसताना दार लावून घेतलं. तो तुकडा सुरू केला आणि त्या जागेवर डावा हात मांडीवर ठेवून वाट बघितली. काहीच वाजलं नाही. नुसता उजवा हात, उघडा, एकटा. म्हणजे आता वाजतो तो माझाच हात, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पियानोवर डोकं टेकून मी हमसून हमसून रडले... का, ते मलाही सांगता येत नाही.